तातडीच्या वेळी कोणास कळवावे

चौकीतली नवी पोरगी आली होती, निशिवाकी.
सायकल जिन्याखाली नीट लावून
टोपी काढून, पुन्हा घालून
बेल वाजवली तिने, झोपलेलं मूल उठेल की काय अशा बेताने.
अधूनमधून घरोघरी फिरतात हे लोक, कार्ड भरून घेतात:
माणसं किती, कोण कुठे कामाला,
भूकंप झाला तर ढिगाऱ्याखाली कोणाला शोधायचं.

'कुवाबारासान, तुम्ही एकटेच ना?'
एकटाच. आणि हा भाताचा कुकर. बोलतो तो.
ती हसली. ड्यूटीवर हसायला चालतं का त्यांना, ठाऊक नाही.

वय एक्क्याऐंशी.
पूर्वीचा धंदा: छापखान्यात खिळे जुळवणे.
'खिळे म्हणजे?'
शिशाची अक्षरं, बाई. उलटी वाचावी लागत.

मग शेवटचा रकाना.
तातडीच्या वेळी कोणास कळवावे.
तिचं पेन थांबलं, आणि मी खिडकीबाहेर
दोरीवरचा माझा एकुलता एक टॉवेल पाहत राहिलो.

असंच दार होतं तेव्हाही, जिना मात्र लाकडी.
साल सत्तर की एकाहत्तर.
हवालदार ओझेकी, बायकोच्या हातचं मुळ्याचं लोणचं आवडायचं त्याला.
उंबऱ्यावर बसून, तोंडात फोड असताना, सहज म्हणाला,
'वरचा पोरगा रात्री किती वाजता येतो हो?'
मी सांगितलं.
दोनला येतो. पुस्तकं फार. मित्र बूट हातात घेऊन चढतात.
शेजारधर्म म्हणून सांगितलं.
भिंतीला कान असतात म्हणे;
आमच्या भिंती कागदाच्या, कान माझा होता.

चार दिवसांनी पहाटे जिना वाजला.
या वेळी बूट पायांत होते.
तोगाशी त्याचं नाव. दोघांच्या मधे उतरताना
माझ्या दाराशी थांबला, म्हणाला,
'आवाज झाला, माफ करा.'
त्याने काही केलं होतं की नव्हतं, मला आजतागायत माहीत नाही.
छापून आलं असतं तर वाचलं असतं, उलटं का होईना.
ओझेकी पुन्हा आला. बायकोने लोणचं संपलं म्हणून सांगितलं.
बरणी भरलेली होती.

गल्ली चांगली आहे, खोटं कशाला बोलू.
विसरलेली छत्री तिसऱ्या दिवशी कठड्याला टांगलेली सापडते.
चौकीबाहेर फळा असतो:
काल शहरात मृत्यू शून्य, जखमी त्रेचाळीस.
शून्य दिसलं की पाऊल हलकं पडतं माझंही.
पण ते आकडे रस्त्यावरच्या गाड्यांचे.
जिन्यावरून नेलेल्यांना फळा नाही.

'आणि पलीकडच्या खोलीत कोण? दोनदा आले, दार उघडत नाहीत.'
भूकंपासाठीच विचारत असेल. चेहरा तसाच होता तिचा.
पलीकडे खिमलाल. नेपाळचा.
डब्यांच्या कारखान्यात रात्रपाळी, परवा माझं तांदळाचं पोतं
न सांगता वर आणून ठेवलेला खिमलाल.
मी म्हणालो, 'त्यालाच विचारा की.
दिवसा झोपतो तो. पाचनंतर या.'

बोललो आणि जीभ चावली.
पुन्हा वेळ सांगितली.

तिने ते लिहिलं की नुसतं टोपण लावलं?
मी समोर बसलो होतो, कार्ड माझ्याकडून उलटं.
पन्नास वर्षं उलटं वाचून पोट भरलं,
आणि नेमकं आज काही लागेना.
'हा रकाना राहू दे,' मी म्हणालो. 'उद्या चौकीत येऊन सांगतो.'
ती वाकली. सायकलची घंटा कोपऱ्यावर एकदा वाजली.

साडेचारला मी चपला न घालता बाहेर आलो.
त्याच्या दारापुढे धुळीने माखलेले बूट,
आतून फोडणीचा वास, म्हणजे उठला होता.
काय सांगायचं ते जुळवून ठेवलं होतं:
पोलीस येतील, घाबरू नकोस, पोरगी बरी आहे,
आणि एक विचारायचंय, नाव लिहू का तुझं, माझ्या कार्डावर.
दार वाजवलं. आत सगळं एकदम गप्प झालं,
गॅससुद्धा.

'मी आहे, शेजारचा,' म्हणालो.
'आवाज झाला, माफ कर.'